नाव ठेवायचं काम

माझं पाळण्यातलं नाव एक, लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव दुसरं, आणि पगारपत्रकावर हेडक्लार्कने ऱ्हस्वदीर्घाची वाट लावून चढवलेलं तिसरं. तिन्ही नावांना मी ओ देते. तरीही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या रत्नागिरीच्या बांधकाम कचेरीत संगणक आला, तेव्हा त्याच्या पोटातल्या प्रत्येक रकान्याला एकच एक पक्कं नाव ठेवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सरकारला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी सरकारी नोकरी केलेली नसते.

हे काम मला हुशारीमुळे मिळालं, असं कुणी समजू नये. प्रशिक्षणाला पुण्याला जायचं होतं आणि कचेरीतले सगळे पुरुष नेमके त्याच वेळी अडकले. एकाचे आंबे उतरायला आले होते, एकाच्या घरी सत्यनारायण होता, आणि हेडक्लार्कने कुठेतरी वाचलं होतं की त्या पडद्यातून किरण निघतात आणि पुरुषाला ते बाधतात. बाईमाणसाला बाधतात का, ते त्यांनी वाचलं नव्हतं. "हिला टायपिंग येतं, हिला पाठवा," असं ठरलं आणि मी गेले.

परत आले तोवर यंत्र येऊन पोचलं होतं. दारात नारळ फुटला, पडद्याला कुंकू लागलं. खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे चपला बाहेर काढून आत जायचं आणि मे महिन्यात शक्यतो बाहेर यायचं नाही, अशी वहिवाट पडली. मोठे साहेब आपल्या फाइली तिथेच मागवू लागले. संगणकाशी त्यांचं नातं तेवढंच होतं, पण मनापासूनचं होतं.

आमच्या कचेरीचं काम म्हणजे गावोगावचे रस्ते, विहिरी, शाळेच्या खोल्या आणि पऱ्यांवरचे, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यांवरचे, साकव बांधून घेणं. प्रत्येक कामाचा कुणाबरोबर तरी करार असायचा. आता मुंबईहून हुकूम आला होता की हे सगळे करार संगणकात घाला आणि सगळीकडे सारखी नावं वापरा. म्हणून मी एकेका शाखेचे कागद वाचायला बसले आणि माझं डोकं फिरलं. तांत्रिक शाखा ज्याला ठेकेदार म्हणे, त्याला हिशेब शाखा मक्तेदार म्हणे आणि निविदा शाखा कंत्राटदार म्हणे. इंग्रजी टिपणीत तोच बाबा एजन्सी व्हायचा. गावातली माणसं त्याला काय म्हणत, ते लिहायला मात्र कुठल्याच शाखेत रकाना नव्हता.

माणसाला हे चालतं. यंत्राला चालत नाही. एका माणसाची चार नावं दिली की ते चार माणसं समजतं. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावलं, "एका वस्तूला एकच नाव." त्या दिवसापासून मी रकान्यांना नाव ठेवत होते आणि कचेरी मला नावं ठेवत होती.

शेवटी साहेबांनी सगळ्या शाखांची सभा बोलावली. साहेब कोल्हापूरकडचे, आवाज दणदणीत, माणूस वाईट नव्हे. फक्त जेवणाची वेळ झाली की त्यांना सगळं पटायचं. चहा आणि बटाटेवडे आले आणि ठेकेदार की मक्तेदार यावर अख्खी सकाळ गेली. शाखा अशा भांडत होत्या की जणू घरचा बांध सरकला आहे. अखेर हेडक्लार्कनी मक्तेदार मागे घेतला, पण त्याबदल्यात अनुक्रमांकाचा रकाना आपल्या मनाप्रमाणे घातला. मुत्सद्देगिरी शिकायला दिल्लीला जायची गरज नसते.

मग कामांच्या प्रकारांची यादी निघाली. साहेब थबकले. "हे साकव म्हणजे काय? खायचा प्रकार आहे का?"

आमचा ओव्हरसियर उभा राहिला. जिल्ह्यातला एकेक पऱ्या त्याने पायी ओलांडलेला. "साहेब, ओढ्यावर येण्याजाण्यापुरता बांधतात तो."

"मग पूल लिहा की."

"पुलावरनं गाडी जाते साहेब. साकवावरनं माणूस जातो."

साहेबांनी मान डोलावली आणि साकव यंत्रात राहिला. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण आपल्याकडचा शब्द त्या थंडगार खोलीत शिरला म्हणून मला उगीचच आनंद झाला. मी कुणबी घरातली, साकवावरून शाळेत गेलेली पोर. मला तो शब्द माहेरचं माणूस भेटल्यासारखा वाटला.

तो आनंद फार टिकला नाही. माझ्या यादीत दोन तारखा होत्या. करारात कबूल केलेली, काम पूर्ण करायची तारीख ही पहिली, आणि काम खरोखर पूर्ण झालं ती दुसरी. घड्याळात एक वाजून गेला होता. साहेबांनी लाल पेन्सिल उचलली.

"पूर्ण दिनांक आणि पुन्हा पूर्ण दिनांक. दोनदा कशाला? बाई, एका वस्तूला एकच नाव हा तुमचाच नियम ना?"

सगळे हसले. मी म्हटलं, "साहेब, या दोन वस्तू आहेत. एक लग्नपत्रिकेवरची तारीख आणि एक लग्न लागल्याची."

"आमच्याकडे दोन्ही एकच असतात," साहेब म्हणाले. पुन्हा हशा झाला. त्या हशातच दुसऱ्या तारखेवर लाल रेघ ओढली गेली आणि मंडळी जेवायला उठली.

उरलेल्या रकान्याचं नाव पडलं कॉम्पडेट. यंत्राला दहा इंग्रजी अक्षरांवर नाव चालत नसे, म्हणून कम्प्लीशन डेटचं हे असं मान मुरगळलेलं नाव. तांत्रिक शाखेने त्यात करारातली तारीख भरली, कारण ती हाताशी होती. हिशेब शाखेतल्या एकाने कॉम्प म्हणजे कॉम्पेन्सेशन असं समजून दंडाच्या तारखा भरल्या. आणि यंत्राला सांगून ठेवलं होतं की ही तारीख उलटली की काम पूर्ण समजावं. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्याने एका दुपारी जिल्ह्यातली झाडून सगळी रेंगाळलेली कामं पूर्ण करून टाकली. जिथे नुसती खडी पडली होती तिथे रस्ते झाले, जिथे खड्डा होता तिथे विहिरीला पाणी लागलं. भोकाभोकांच्या लांबलचक कागदावर ती यादी कर्रकर्र करत बाहेर आली आणि टपालाने मुंबईला गेली. मी साहेबांना दोनदा सांगितलं की यातली निम्मी कामं झालेली नाहीत. ते म्हणाले, "होतील की." मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं आणि साहेबांनी कचेरीत पेढे वाटले. माझ्या वाटणीचा पेढा मी शिपायाला दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन उन्हात, माझी आत्या कचेरीत आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझं पाळण्यातलं नाव तिनेच माझ्या कानात सांगितलेलं, त्यामुळे त्या नावावर तिची मालकी होती आणि ती दुसऱ्या नावाने मला कधी हाक मारत नसे. तिने दारातल्या शिपायाला तेच नाव सांगितलं. शिपाई म्हणाला, या नावाची इथे कोणी नाही. आत्या म्हणाली, हाय. तो म्हणाला, नाही. मी आवाज ऐकून बाहेर गेले तेव्हा ती त्याला सांगत होती, "मीच ठेवलंय तिचा नाव, मला सांगतोस व्हय रं, हाय का नाय ता?"

तिला पाणी दिलं. ती बसली नाही. "आमच्या साकवाचा काय झाला गो? पाऊस तोंडावर इला."

तिच्या साकवाची गोष्ट सांगायलाच हवी. आत्याचं घर आणि आणखी चार घरं पऱ्याच्या पलीकडे, गाव अलीकडे. पूर्वी जांभ्याच्या दोन खांबांवर माडाची खोडं टाकून केलेला साकव होता, दरवर्षी गावकरी तो दुरुस्त करत. मग आमच्या कचेरीने सिमेंटचा साकव मंजूर केला. ठेकेदार आला, जागा मोकळी करायची म्हणून त्याने जुना साकव मोडला, वाळूचा ढीग टाकला आणि पोफळीच्या वीजप्रकल्पाकडे मोठी कामं मिळाली तसा निघून गेला. गेल्या पावसाळ्यात आत्याची सून अडली. नवरा मुंबईला नोकरीवर. पऱ्या दुथडी भरून वाहत होता, डोली अलीकडे आणताच आली नाही. सून वाचली, मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण पुन्हा पावसाळ्यातच येणार होतं. आत्याला दुसरं काही नको होतं, यंदा पाणी चढायच्या आत साकव हवा होता.

मी तिला घेऊन साहेबांकडे गेले, थंड खोलीत. तिने चपला नव्हत्याच घातल्या, त्यामुळे काढायचा प्रश्न आला नाही. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि मला यंत्रात बघायला सांगितलं. मला काय दिसणार ते मला ठाऊक होतं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. साकव, पूर्ण.

"पूर्ण दाखवतंय," साहेब म्हणाले.

आत्याने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मंग चला सायब, तुमी त्याच्यावरनं पलीकडं जाऊन दाखवा."

साहेब हसले, पण ओशाळून. ती बाहेर गेल्यावर मी त्यांना सांगितलं की नोंद दुरुस्त करू, ही एक आणि हिच्यासारख्या सगळ्याच. लाल रेघ मारलेला रकाना परत आणू. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, मुंबईला आकडे गेलेत. पूर्ण झालेलं काम अपूर्ण झालं असं कोणत्या तोंडाने कळवू? काम पुढे जातं. मागे गेलेलं काम कोणी पाहिलंय का?" मला त्यांचा इतका राग आला की मी तडक बाहेर आले. आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्या माणसाला पेढे परत घ्यावे लागतील याची लाज होती, बाळाचं त्याला काहीच नव्हतं.

वाट काढली ती हेडक्लार्कनी. ते पान लावत म्हणाले, "झालेलं काम परत करता येत नाही. पण झालेलं काम मोडलं तर दुरुस्त करता येतं. तुमच्या आत्याबाईंकडून अर्ज आणा की साकव नादुरुस्त झालाय."

आत्या अर्जाला तयार होईना. "जो नायच, तो मोडला कसा म्हनू? पाप लागंल." मी तिला समजावलं की सरकारी अर्जातल्या पापाची नोंद वर होत नाही, तिथेही रकाना नसणार. शेवटी तिने अंगठा दिला, पण मारुतीच्या देवळाच्या दिशेने हात जोडून.

मग नियमाप्रमाणे ओव्हरसियर पाहणीला गेला. त्याने लिहिलेलं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. "प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली असता सदर साकव दृष्टीस पडला नाही, सबब दुरुस्तीची अत्यंत निकड आहे." त्या कचेरीत इतकं खरं वाक्य मी दुसरं वाचलं नाही. साहेबांनी सही केली. मंजुरी आली, आणि मंजुरीबरोबर हेही आलं की दुरुस्तीचा निधी पावसाळा संपल्यावर मिळेल. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं, आणि आमचं घोडं तर कागदी.

मी आत्याला निरोप धाडला की सुनेला माझ्याकडे आणून सोड, इथून सरकारी दवाखाना जवळ आहे. तिने उलट निरोप धाडला की लावणी उरकली की आणते. भातलावणी कुणासाठी थांबत नाही, आणि यंदा बाळही थांबलं नाही. ते महिनाभर आधीच आलं, लावणीच्या ऐन धांदलीत, पऱ्या भरून वाहत असताना. मला कळलं ते सगळं झाल्यावर, आत्याने कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पत्रातून. पलीकडच्याच घरातल्या म्हाताऱ्या सुईणीने बाळंतपण केलं होतं. मुलगी झाली होती, अशक्त पण जिवंत, आणि आई बरी होती. पत्र वाचून मी कचेरीच्या पायरीवर बसून रडले. रडण्यात देवाचे आभार किती आणि साहेबांना शिव्या किती, ते मी मोजलं नाही.

पत्रात पुढे लिहिलं होतं की बारशाला तू ये, नाव तूच ठेवायचंस. त्या मुलीच्या बापाला सख्खी बहीण नाही, मामेबहीण मीच, म्हणजे मुलीची आत्या मीच. आणि नाव आत्यानेच ठेवायचं असतं. कितीएक रकान्यांची नावं ठेवली होती, पण हे पहिलंच नाव होतं ज्याला सभा नको होती. मी बरेच दिवस विचार करून एक छोटंसं नाव काढलं, ज्याचा कुणी अपभ्रंश करू नये, जे पगारपत्रकावरसुद्धा चुकू नये. झबलं शिवलं, चांदीचा वाळा घेतला.

ओव्हरसियर त्याच बाजूला जीपने चालला होता, त्याने मला सोबत घेतलं. पऱ्यावर पोचलो तर समोर गढूळ पाणी फेसाळत चाललेलं. आमच्या यंत्रात जिथे साकव पूर्ण होता, त्याच जागी मी छत्री धरून उभी होते. वाळूचा ढीगसुद्धा वाहून गेला होता. ओव्हरसियर पाण्यात काठी घालून आला आणि नुसती मान हलवली.

पलीकडे आत्या दिसली. डोक्यावर इरलं घेतलेलं, आणि त्या इरल्याच्या आत छातीशी धरलेलं गाठोडं. मागे सून, बाजूला शेजारच्या बायका. पाळणा घरात सजवून ठेवलेला, पण आत्या नाव घ्यायला बाळाला घेऊन पऱ्यावर आली होती.

"येऊ नको गो! थंयच थांब! थंयनंच सांग नाव!" ती ओरडली.

नाव कानात सांगायचं असतं. अगदी हळू, बाळाखेरीज कुणाला पहिल्यांदा ऐकू जाऊ नये इतकं हळू. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ते नाव गाढवासारखी ओरडले. पाण्याच्या आवाजात ते कुठे बुडालं, कुणास ठाऊक. बायकांनी हातवारे केले, ऐकू नाही आलं. पुन्हा ओरडले. घसा बसला. मग ओव्हरसियर पुढे झाला, त्याने माझ्याकडून नाव विचारून घेतलं आणि मजुरांना हाका मारायच्या आवाजात ते पलीकडे फेकलं.

"पोचला गो! नाव पोचला!" आत्याने हात वर केला. इरल्यात वाकून तिने बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं. पलीकडच्या बायकांनी "कुर्रर्र" केलं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडे रीत आहे. त्यांनी ते माझ्या आत्याच्याच पाठीत घातले, इरल्यावरूनच, आणि खूप हसल्या. अलीकडे मी, ओव्हरसियर आणि जीप. झबलं आणि वाळा पिशवीत तसेच. मी जीपमध्ये बसले तेव्हा पाठ कोरडी होती आणि मला ती फार रिकामी वाटली.

दसऱ्याला पऱ्याचं पाणी उतरलं, तेव्हा दगडांवरून पाय टाकत मी पलीकडे गेले. दुरुस्तीचं काम सुरू झालं होतं, म्हणजे नव्या ठेकेदाराची माणसं नसलेल्या साकवाचा पाया खणत होती. अंगणात सून बाळाला न्हाऊ घालून उन्हाला घेऊन बसली होती. मला बघून तिने बाळाला उंच धरलं आणि लाडाने हाक मारली.

ते नाव मी ठेवलेलं नव्हतं.

सुरुवातीचं अक्षर तेवढं माझं होतं, बाकी पाण्याने घेतलं होतं. मी पायरीवर बसले. सुनेने पुन्हा तीच हाक मारली, शेजारणीने मारली, आत्या आतून तेच नाव घेत बाहेर आली आणि मुलगी प्रत्येक वेळी त्या आवाजाकडे मान वळवून बोळकं उघडून हसली.

"ब्येस नाव काढलंस गो," आत्या म्हणाली. "कुटनं सुचला तुला?"

मी मुलीला मांडीवर घेतलं. वाळा तिच्या पायात सैल होत होता, सुनेने त्याला दोरा गुंडाळला. मी ठेवलेलं नाव तोंडावर आलं होतं, एकदा फक्त तिच्या कानात, हळू, जसं सांगायचं असतं तसं सांगावं असं फार वाटलं. पण एका वस्तूला एकच नाव, हे भिंतीवर मीच लिहून लावलं होतं.

"सुचलं असंच," मी म्हटलं, आणि तिला त्याच नावाने हाक मारली.